चालत्या चित्रांच्या शब्दांमागचे हात



घरात लहान मूल असेल तर मोबाईलवर कार्टून लागतंच. अस्वल नाचतं, ससा उड्या मारतो, राजकन्या पायऱ्या उतरते. हे सगळं हलवतं कोण, असं विचारलं की पोरं लगेच सांगतात, "कॉम्प्युटर!" उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. या धंद्यात रोज वापरले जाणारे शब्द नीट ऐकले की कळतं, त्यातले कित्येक शब्द आधी यंत्राचे नव्हतेच. ती माणसांच्या कामाची नावं होती, आणि त्यातलं पुष्कळ काम बायकांचं होतं. आज आम्ही त्या शब्दांचा इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात 'कॉम्प्युटर' या शब्दापासूनच करू. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ हिशेब करणारी व्यक्ती असा होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत गणित शिकलेल्या मुलींना तोफगोळ्यांच्या मार्गाचे हिशेब करायला बसवलं होतं, आणि त्यांच्या पदाचं नावच कॉम्प्युटर होतं. पुढे 'एनिअ‍ॅक' नावाचं अवाढव्य यंत्र तयार झालं. त्याला काम कसं सांगायचं हे त्यांच्यातल्या सहा जणींनी शोधून काढलं. १९४६ साली ते यंत्र जगाला दाखवलं, तेव्हा या सहा जणींची ओळख कुणी करून दिली नाही. त्यांचं काम यंत्राकडे गेलं आणि त्यांच्या पदाचं नाव यंत्राला मिळालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

आता चित्र हलतं कसं ते बघू. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चित्रात किंचित फरक असतो, म्हणून आपल्याला हालचाल दिसते. एका चित्राला म्हणतात फ्रेम. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, पण त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली होती. पडद्यावर ते रोप झरझर वाढताना दिसलं. १९१५च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्या हलवायच्या, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायच्या. त्या काळी फिल्म आणली की तिच्या कडेला भोकं पाडावी लागत, ती धुवावी लागे. ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली होती. भोकं नीट नसतील तर फिल्म यंत्रात पुढे सरकत नाही, म्हणजे चित्र चालतच नाही.

अमेरिकेत मात्र या कामाचा कारखाना झाला. १९३७ साली डिस्नेच्या स्टुडिओचा 'स्नो व्हाइट' हा सिनेमा आला. लांबी ८३ मिनिटं. ८३ गुणिले ६० गुणिले २४ असा हिशेब मांडला तर जवळजवळ १ लाख २० हजार फ्रेम होतात. एकेका फ्रेमसाठी कधी दोन-तीन चित्रं एकावर एक ठेवावी लागत. मग कामाची वाटणी झाली. मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढायचा. समजा, मुलगी फूल तोडते. एक चित्र हात खाली असताना, एक हात फुलाला लागताना, एक फूल नाकाशी नेताना. या महत्त्वाच्या चित्रांना म्हणतात 'की-फ्रेम'. त्यांच्या मधली चित्रं काढणारे हाताखालचे लोक होते, त्या चित्रांना नाव पडलं 'इनबिटवीन', म्हणजे अधलीमधली. ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके मांडायचे, मग ते जोडायचे. की-फ्रेम म्हणजे ठिपके आणि इनबिटवीन म्हणजे जोडणाऱ्या रेषा.

कागदावरची ही चित्रं पुढे पारदर्शक पत्र्यावर उतरवायची असत. तो पत्रा सेल्युलॉइडचा, म्हणून त्याला म्हणायचे 'सेल'. समोरून बारीक निबने शाईची रेघ ओढायची, पत्रा उलटा करून मागून रंग भरायचा. या विभागाचं नाव 'इंक अँड पेंट', शाई आणि रंग. तिथे जवळजवळ सगळ्या बायका होत्या. बोटांचे डाग पत्र्यावर पडू नयेत म्हणून त्या सुती हातमोजे घालून काम करत. हात जरा थरथरला तर पडद्यावर राजकन्येचा गाल थरथरणार. एवढं कौशल्य असूनही हे काम दुय्यम समजलं जाई आणि पगार चित्रकारांपेक्षा कमी असे. १९३८ साली या स्टुडिओने नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला पाठवलेलं उत्तर आज पुष्कळांना माहीत आहे. त्याचा मथितार्थ असा, की चित्रनिर्मितीचं काम पुरुष करतात, बायकांसाठी शाई आणि रंग एवढंच काम आहे. पुढे १९४२च्या 'बॅम्बी' सिनेमात रेटा स्कॉट यांचं नाव अ‍ॅनिमेटर म्हणून पडद्यावर आलं. त्या स्टुडिओत असं श्रेय मिळालेल्या त्या पहिल्या बाई.

मग यंत्रं आली. १९६१च्या '१०१ डाल्मेशियन्स' सिनेमात झेरॉक्सच्या पद्धतीने कागदावरची रेघ थेट पत्र्यावर उतरू लागली. शाईच्या रेघा ओढणाऱ्या बहुतेक जणींचं काम त्यात गेलं. १९९० सालच्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मध्ये रंगही कॉम्प्युटरवर भरले. अधल्यामधल्या चित्रांचंही तेच झालं. कॅनडातल्या सरकारी संशोधन संस्थेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी ७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत तयार केली. माणसाने की-फ्रेम काढायच्या आणि मधली चित्रं यंत्राने भरायची. त्या पद्धतीने १९७४ साली पीटर फोल्डेस यांनी 'हंगर' हा लघुपट केला. आज कुठलंही अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडा, त्यात की-फ्रेम आहे, अधलीमधली चित्रं भरणारी सोय आहे, इंक आहे, पेंट आहे. एकेकाळी मोठ्या दालनात बसून बायका जे काम करत, ते आता पडद्यावरचं एकेक बटण आहे.

ही झाली चित्रांची गोष्ट. आता शरीराची ऐकू.

चित्रातला माणूस खऱ्यासारखा चालावा असं वाटलं, तर खऱ्या माणसाचं चालणं पकडावं लागतं. याला आज म्हणतात 'मोशन कॅप्चर', म्हणजे हालचाल टिपून घेणं. पण कल्पना जुनी आहे. १८८०च्या दशकात पॅरिसला एटिएन-ज्यूल मारे नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी माणसाला काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या भिंतीपुढून चालवलं. फोटोत माणूस दिसेना, फक्त पट्ट्यांचं चालणं दिसलं.

पुढे अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने कामगारांच्या बोटांना लहानसे विजेचे दिवे बांधले. काम करताना हात जिकडे जाईल तिकडे फोटोत उजेडाची रेघ उमटे. रेघ वेडीवाकडी असेल तर श्रम वाया जात आहेत असा अर्थ. हाताच्या बारीक बारीक क्रियांना त्यांनी नाव दिलं 'थर्ब्लिग'. गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटं वाचलं की हा शब्द होतो. १९२४ साली फ्रँक वारले. बाई मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या, तरी कारखान्यांचे मालक एकट्या बाईला काम द्यायला तयार होईनात. मग त्यांनी तोच अभ्यास स्वयंपाकघरात नेला. ओटा किती उंच असावा, शेगडी आणि भांडी किती अंतरावर असावीत, पावलं कशी वाचतील, याचा त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. वाकून वाकून कंबर धरते तेव्हा ही अभ्यास करण्यासारखी गोष्ट आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

सिनेमावाल्यांनी वेगळी युक्ती काढली. मॅक्स फ्लायशर यांनी भावाला विदूषकाचे कपडे घालून नाचवलं, त्याची फिल्म काढली आणि एकेक फ्रेम काचेवर पाडून वरून चित्र गिरवलं. या यंत्राला नाव 'रोटोस्कोप', पेटंट १९१७चं. 'स्नो व्हाइट'च्या वेळी मार्जोरी बेल्चर नावाची नाच शिकलेली किशोरवयीन मुलगी कॅमेऱ्यापुढे चालली, वाकली, गिरकी घेतली, आणि चित्रकारांनी तिच्यावरून राजकन्येची हालचाल बसवली. पडद्यावरच्या नावांत मात्र तिचं नाव नव्हतं. जगभरच्या मुलांनी जिचं चालणं पाहिलं, ती कोण हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

६०च्या दशकाच्या सुरुवातीला ली हॅरिसन यांनी नर्तकीच्या अंगाला विजेची उपकरणं बांधून पडद्यावरची आकृती हलवली. १९८५ साली डबाबंद अन्नाच्या एका जाहिरातीत चकचकीत धातूची बाई दिसली. तिच्यासाठी एका खऱ्या बाईच्या सांध्यांवर काळे ठिपके काढले होते. आजही पद्धत तीच आहे. कलाकार घट्ट कपडे घालतो, त्यावर बोराएवढ्या चमकत्या गोळ्या लावतात. त्या गोळ्यांना म्हणतात 'मार्कर'. चहूबाजूंचे कॅमेरे फक्त त्या गोळ्या बघतात. सुरुवातीला कलाकार दोन्ही हात पसरून शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा राहतो, म्हणजे यंत्राला त्याचं माप कळतं. त्याला म्हणतात 'टी-पोज'. कॉम्प्युटरमधल्या बाहुलीला आतून जो हाडांचा सांगाडा बसवतात, तो 'रिग'. कलाकाराची हालचाल त्या सांगाड्यावर चढवली की बाहुली हलू लागते. आपल्या देशात २०१४ साली आलेला 'कोचादैयान' हा तमिळ सिनेमा याच पद्धतीने झाला. तो सौंदर्या रजनीकांत या बाईंनी दिग्दर्शित केला.

कलाकार वळला की एखादी गोळी हाताआड लपते आणि माहितीत खड्डा पडतो. तो कुणीतरी बसून भरावा लागतो. त्याला म्हणतात 'क्लीन-अप'. आपण त्याला निवडणं-टिपणं म्हणू. तांदळातले खडे काढल्यासारखं ते काम आहे. झालं की कुणाला दिसत नाही आणि राहिलं तर सगळ्यांच्या दाताखाली येतं.

इथे आपला थेट संबंध येतो. 'रोटो' आणि 'पेंट' ही आता मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई इथल्या स्टुडिओंतली नोकरीची नावं आहेत. परदेशी सिनेमातल्या माणसांच्या आकृती एकेका फ्रेममधून कापून काढायच्या, दोऱ्या आणि डाग पुसायचे, हे काम आपल्याकडची हजारो मुलंमुली करतात. बहुधा याच कामापासून नव्या मुलांची सुरुवात होते. यांची नावं पडद्यावर शेवटी, प्रेक्षक उठून गेल्यावर सरकतात, आणि कधी येतही नाहीत. हे कामसुद्धा आता यंत्र शिकतं आहे. गावातली मुलगी 'अ‍ॅनिमेशन शिकते' म्हणाली तर हरखून जायला हरकत नाही. पण शिकवणीला पैसे भरण्याआधी विचारा की पहिलं काम कुठलं मिळतं, त्यात नाव येतं का, आणि पुढची पायरी कोणती.

हालचाल कुणाच्या मालकीची, हा प्रश्नही आता उघडपणे विचारला जातो. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमसाठी काम करणाऱ्या कलाकारांनी संप केला. आवाज देणारे त्यात होते, तसे अंगाला गोळ्या लावून उड्या मारणारे, पडणारेही होते. आमच्या हालचालीवरून यंत्राने नवी हालचाल तयार केली, तर आमची परवानगी घ्या आणि मोबदला द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढच्या वर्षी करार झाला आणि संमतीची अट त्यात लिहून घेतली गेली. 'स्नो व्हाइट'च्या त्या मुलीला जे कधी विचारलं गेलं नव्हतं, ते विचारणं आता कागदावर आलं.

आपली फुगडी, आपलं जात्यावरचं दळण, गोधडीचे टाके, भात लावणीची लय, हे टिपायलाही कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन येतं. आल्यागेल्याला नाही म्हणायचं असं नाही. चहापाणी जरूर करा, पण बचत गटाच्या बैठकीत तीन प्रश्न ठरवून ठेवा. हे कशासाठी वापरणार? आमची नावं कुठे लिहिणार? यातून पैसे मिळाले तर आमचा वाटा किती? उत्तरं वहीत लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या आणि त्याची एक प्रत गटाकडे ठेवा.

शाईची रेघ ओढणाऱ्या त्या बायकांची नावं पुढे अभ्यासकांना जुन्या नोंदी आणि फोटो धुंडाळून गोळा करावी लागली. आपली नावं शोधायला कुणाला एवढी धडपड करावी लागू नये, म्हणून ती आजच लिहून ठेवू या.