हळद आणि जेल

हळदीच्या पेटंटची गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत दिलं गेलं, सीएसआयआरने जुने लेख पुराव्यादाखल ठेवून त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. तेव्हापासून माशेलकर म्हटलं की हळद, असं समीकरणच झालंय.

पण जखम भरण्याची आणखी एक गोष्ट त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. तिच्यात अमेरिकेशी भांडण नाही म्हणून असेल, फारसं कोणी ती सांगत नाही. ती सुरू होते पुण्यात, पाषाणच्या एनसीएलमध्ये, आणि तिचा नायक आहे एक बुळबुळीत जेल.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं लांबलचक रेणूंचं जाळं. प्रागच्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लीम यांनी 1960 साली 'नेचर'मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टरलेंनी घरी, मेकॅनोसारख्या खेळण्याचं यंत्र जोडून त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या. (या माणसावर एक अख्खी पोस्ट लिहायला हवी. असो.)

या जेलची एक खोड मात्र होती. खरवसाच्या वडीत सुरी फिरवून दोन्ही तुकडे पुन्हा कितीही वेळ टेकवून ठेवा, काप राहतोच. जेलचंही तेच. जाळ्याच्या गाठी कायमच्या रासायनिक बंधांच्या, एकदा तुटल्या की तुटल्या.

आपली कातडी कापली तर रक्त गोठतं, कडांवरच्या पेशी सरकत आत येतात, खाली नवं कोलॅजन विणलं जातं. जेलमध्ये पेशीच नाहीत, मग उचलायचं काय? 2001 साली इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट यांच्या गटाने प्लास्टिकमध्ये द्रवाच्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. तडा गेला की कुपी फुटते, द्रव तड्यात जाऊन घट्ट होतो. कल्पना झकास, पण एका जागची कुपी एकदाच फुटणार!

एनसीएलमधल्या शायनी वर्गीस, आशिष लेले आणि माशेलकर यांची वाट वेगळी होती. त्यांच्या जेलच्या मुख्य साखळीला बाजूने लोंबणाऱ्या छोट्या साखळ्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला आम्लाचा गट. 2006 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात धातूचे आयन ही टोकं एकमेकांना बांधतात आणि कापलेलं जेल सांधलं जातं.

पुढे वर्गीस कॅलिफोर्निया विद्यापीठात, सॅन डिएगोला गेल्या. 2012 साली तिथून जो लेख आला त्यात धातूचीही गरज उरली नाही. पहिलं नाव अमेय फडके, आणि यादीत लेले व माशेलकरही आहेत. आम्लात बुडवलं की दोन तुकडे काही सेकंदांत जुळतात, टोकांमधल्या हायड्रोजन बंधांमुळे. सगळी गंमत लोंबणाऱ्या साखळीच्या लांबीत आहे. आखूड असली तर पलीकडच्या टोकापर्यंत पोचत नाही. फार लांब झाली तर तिचा पाण्याला भिणारा भाग वाढतो, साखळ्या आपापसांत गोळा होऊन बसतात आणि टोकं आत दडतात. मधली लांबी हवी. हा तोल सापडणं, हे मला त्या सेकंदांपेक्षा मोठं वाटतं. इंटरनेटवर मात्र गोष्ट बहुतेकदा 2012 पासून आणि सॅन डिएगोपासून सुरू होते. पाषाण गळतं.

'जखमेपासून प्रेरणा' हे शब्द मला जरा सैलच वाटतात. कातडी नवा माल तयार करून भोक बुजवते आणि वण ठेवते. हे जेल नवं काहीच बनवत नाही, आहेत तेच हात पुन्हा धरतं. शिवाय अल्कलीत टाकलं की ते हात सोडतं, आम्लात आणलं की पुन्हा धरतं. कातडीला हे कुठलं जमायला!

म्हणूनच संशोधकांनी जठरातल्या छिद्रांवर ते चिकटवण्याचा विचार मांडला, कारण तिथे आम्लच आम्ल. विळीवर कापलेल्या बोटाला त्याचा उपयोग नाही. रक्ताचा सामू 7.4 च्या आसपास असतो आणि तिथे ही टोकं एकमेकांना धरत नाहीत.