स्तन्यापनयन व बालकाची वजनवाढ

अंगावर पिणाऱ्या बालकाचे स्तनपान कमी करीत नेऊन त्याला पूर्णपणे अन्नावर आणण्याच्या क्रियेस स्तन्यापनयन म्हणतात. बोलभाषेत ‘अंगावरचे तोडणे’ किंवा ‘दूध तोडणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. त्यांतून सूचित होणारी आकस्मिकता मात्र वैद्यकाला प्राचीन काळापासून अमान्य आहे. असे असूनही, दुसऱ्या वर्षात अंगावर पिणारे मूल सावकाश वजन घेऊ लागले की दोष आईच्या दुधाला द्यावा व ते तोडावे, असा सल्ला विसाव्या शतकात पुष्कळदा दिला गेला. हा सल्ला कशावर आधारलेला होता आणि तो का मागे पडला, हा या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

सुश्रुतसंहितेत बाल्यावस्थेचे तीन भाग मानले आहेत : एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व त्यापुढे अन्नाद. यांतील मधली अवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. कारण दूध आणि अन्न एकमेकांची जागा घेत नसून काही काळ बरोबरीने चालतात, हे तीत गृहीत धरलेले आहे. सहाव्या महिन्यापासून हलके व हितकर अन्न द्यावे, असे सुश्रुतात सांगितले आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. कौमारभृत्यावरील हा ग्रंथ नेपाळमध्ये सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात आल्यावर बालकाला क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे, असा निर्देश असून स्तन सुटलेल्या बालकासाठी चारोळीचा गर, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. (एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, असे आधुनिक वैद्यक सांगते.) महाराष्ट्रात अन्नप्राशन संस्कारास उष्टावण म्हणतात. उष्टावणाने अन्न सुरू होते, दूध संपत नाही. हे घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक होते.

इ. स. दुसऱ्या शतकात रोम येथे वैद्यकी करणारा ग्रीक वैद्य सोरेनस याने स्त्रीरोगांवरील आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला आहे. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास, शक्यतो वसंत ऋतूत, अन्न वाढवीत व दूध कमी करीत हा बदल घडवावा, असे तो सांगतो. स्तनाग्रास कडू व दुर्गंधी द्रव्ये लावून मुलाला एकाएकी परावृत्त करण्याची पद्धत त्याने त्याज्य ठरविली. भारतातही कडुनिंब व कोरफड यांचा असा उपयोग अगदी अलीकडेपर्यंत होत आला, हे पाहता सोरेनसची तक्रार जुनी झाली असे म्हणता येत नाही. कुराणात पूर्ण स्तनपानाचा काळ दोन वर्षे सांगितला असून तत्पूर्वी दूध तोडावयाचे झाल्यास माता व पिता यांनी परस्परांच्या संमतीने व विचारविनिमयाने तसे करावे, अशी तरतूद आहे.

या साऱ्या परंपरांत वजनाचा उल्लेख नाही. मूल वाढते आहे की नाही, हे त्याच्या अंगलटीवरून, हालचालीवरून व दातांवरून ठरविले जाई. तराजू आला तो एकोणिसाव्या शतकात. पॅरिसमधील प्रसूतितज्ञ प्येर ब्यूदँ यांनी १८९२ मध्ये शारिते रुग्णालयात अर्भकांसाठी सल्लाकेंद्र सुरू केले. तेथे मुलांचे नियमित वजन करून मातांना स्तनपान चालू ठेवण्यास उत्तेजन दिले जाई. म्हणजे प्रारंभी तराजू हे आईच्या दुधाच्या समर्थनाचे साधन होते. पुढे तेच त्याच्याविरुद्ध वापरले गेले, हा या इतिहासातील विपर्यास होय.

एकाएकी दूध तोडण्याचे परिणाम सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (आताचे घाना) येथे पाहिले. मक्याच्या लापशीवर आणलेल्या, अंगावर सूज व त्वचेवर चट्टे असलेल्या मुलांचे वर्णन त्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केले व १९३५ मध्ये या विकारास गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. दुसरे मूल जन्मताच आधीच्या मुलाला जडणारे दुखणे, असा त्याचा अर्थ. हा विकार केवळ प्रथिनांच्या अभावाने होतो, हे मत पुढे टिकले नाही; हैदराबाद येथे सी. गोपालन यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले, की क्वाशिओरकोर झालेल्या व नुसत्या सुकत गेलेल्या मुलांच्या आहारांत विशेष फरक नसतो. परंतु दूध तुटल्यानंतरचा काळ धोक्याचा असतो, हे विल्यम्स यांचे निरीक्षण अबाधित राहिले.

डेव्हिड मॉर्ली यांनी नायजेरियातील इमेसी-इले या गावी तयार केलेले वाढीचे कार्ड १९६० नंतर अनेक देशांत पसरले. कार्डावरची रेषा वर चढत असेल, तर मूल ठीक; आडवी झाली, तर सावध व्हावे, ही त्यातील सोपी युक्ती. अडचण होती ती तुलनेसाठी घेतलेल्या वक्रांची. भारतात १९७२ मध्ये बालरोगतज्ञांच्या संघटनेने स्वीकारलेली श्रेणीपद्धती बॉस्टन येथील मुलांच्या मोजमापांवर बेतलेली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेले व लवकरच जगभर वापरात आलेले वक्र लहान वयापुरते ओहायओ राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथील मुलांवर आधारलेले होते. ती मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती.

अंगावर पिणारे निरोगी मूल पहिले दोन-तीन महिने वेगाने वजन घेते व त्यानंतर बाटलीवरच्या मुलापेक्षा सावकाश वाढते. त्यामुळे या वक्रांवर त्याची रेषा तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून खाली घसरताना दिसे. दवाखान्यात आईला दूध पुरत नसल्याचे सांगितले जाई, वरचे दूध सुरू होई आणि काही आठवड्यांत अंगावरचे खरोखरच आटे. मानदंडाचा दोष मुलाच्या व आईच्या माथी मारला गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. कॅथरिन ड्यूई व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना करून १९९२ मध्ये दाखविले, की अंगावर पिणाऱ्या मुलांचे वजन कमी वाढत असले, तरी लांबी व डोक्याचा घेर यांत तसा फरक पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सु. ८,५०० मुलांची मोजमापे घेतली. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. अंगावर पाजलेले व अनुकूल परिस्थितीत वाढलेले मूल हाच आदर्श मानून २००६ मध्ये नवे वक्र प्रसिद्ध झाले. त्यांनुसार मुलाचे मध्यक वजन एका वर्षाला ९.६ किग्रॅ. व दोन वर्षांना १२.२ किग्रॅ., तर मुलीचे अनुक्रमे ८.९ व ११.५ किग्रॅ. असते. पहिल्या वर्षात सहा किग्रॅ.च्या आसपास मिळविणारे मूल दुसऱ्या वर्षात अडीच किग्रॅ.च मिळविते, ही मंदी निसर्गक्रमातली आहे.

तथापि एक आक्षेप उरला होता. विकसनशील देशांतील पाहण्यांत वर्षानंतरही अंगावर पिणारी मुले दूध सुटलेल्या मुलांपेक्षा खुजी व हलकी आढळत. घानातील पाहणीवरून १९८८ मध्ये दीर्घ स्तनपान अपायकारक आहे काय, असा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. त्याचे उत्तर पेरू व सेनेगलमधील अभ्यासांतून मिळाले. लिमा शहरातील मुलांचा पाठपुरावा करून ग्रेस मार्क्विस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले, की येथे कार्यकारणाची उलटापालट झाली होती : दुधामुळे मूल अशक्त राहत नव्हते, तर अशक्त व वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाचे दूध तोडण्यास आई धजत नव्हती. सेनेगलमधील खेड्यांतही माता धडधाकट मुलांचे दूध आधी तोडतात व किरकोळ मुलांना अधिक काळ पाजतात, असे पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. संख्याशास्त्राला चकविणारी गोष्ट आयांनी सहजबुद्धीने केली होती.

याचा अर्थ मंद वजनवाढ नेहमीच निर्धोक असते असा नाही. बारा ते चोवीस महिन्यांच्या काळात आईचे दूध बालकाची उष्मांकाची सु. एक तृतीयांश गरज भागविते. उरलेली अन्नातूनच भागली पाहिजे. लोहासाठीही नुसत्या दुधावर विसंबता येत नाही. मूल दिवसभर थोडेथोडे अंगावर पिऊन जेवण टाळत असेल, तर आधी जेवण व मग दूध, असा क्रम लावणे पुष्कळदा पुरते. वजनाची रेषा आडवी झाली वा उतरली, लांबीही खुंटली किंवा मूल मलूल दिसू लागले, तर आजाराचा शोध घ्यावा लागतो. दूध तोडणे हा त्यावर उपचार नव्हे.

क्रमशः दूध सोडविण्याच्या पद्धतीचा आधुनिक पुरस्कार अमेरिकेत इलिनॉय राज्यातील फ्रँकलिन पार्क येथे १९५६ मध्ये सात मातांनी स्थापन केलेल्या ला लेचे लीग या संस्थेने केला. आपण होऊन देऊ नये व मागितल्यास नाकारू नये, हे सूत्र तिच्या वर्तुळात रूढ झाले. एक वेळचे पाजणे गाळून काही दिवस थांबावे व मग दुसरी वेळ गाळावी. रात्रीचे व झोपेचे पाजणे शेवटी ठेवावे. मुलाच्या आजारपणात हा बदल करू नये, असे तिचे सामान्य स्वरूप आहे. आईलाही यात लाभ असतो, कारण एकाएकी तोडल्याने स्तन दाटून येतात व त्यांत दाह होण्याचा संभव वाढतो. सहा महिने केवळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाड्यांत नवे वक्र २००८ पासून लागू करण्यात आले व जुनी श्रेणीपद्धती मागे पडली.