जॉबर आणि कामगार-अधिकारी

घोडपदेवच्या चाळींतील गिरणी-कामगाराचें मन प्रथम जाणलें तें जॉबरनें. कारण पुष्कळदां तो त्याच्याच गांवचा असे. गैरहजेरी आळसाची कीं कोंकणांतील लावणीची, हें तो अचूक ओळखी. पण त्या ओळखीची दस्तुरीहि घेई. १९३१ सालीं व्हिटले कमिशननें नोकरभरती त्याच्या हातून काढून कामगार-अधिकाऱ्याकडे द्यावी, असें सुचविलें. १९३६ सालीं जवळच नागपाड्यास सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें, आणि मनुष्यस्वभावाचें शास्त्रीय शिक्षण घेतलेले अधिकारी तयार होऊं लागले. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण-अधिकारी सक्तीचा केला. मानसशास्त्रानें त्याची दृष्टि निवळते, यांत संशय नाहीं. परंतु त्याचा पगार मालकाकडून येतो. म्हणून जाणलेलें मन जपावयाचें कीं केवळ वळवावयाचें, हा प्रश्न पदवीनें सुटत नाहीं.