राखणदाराची हमी

कुंपणानेच शेत खाल्ले तर काय करायचे, ही शंका मराठीने म्हणीत बांधून ठेवली आहे. राखणदार नेमण्याचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, हे त्यावरून समजावे. आज एखादी गृहनिर्माण संस्था किंवा कारखाना सुरक्षारक्षक पुरवणारी कंपनी निवडतो तेव्हा परवाना आहे का, माणसांची पोलीस-पडताळणी झाली आहे का, रात्रपाळीवर देखरेख कोण ठेवणार, असे प्रश्न विचारले जातात. आणि अखेरीस दर पाहिला जातो. या साऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : राखणदाराची हमी कोण घेणार? त्याची उत्तरे कशी बदलत गेली, हे येथे थोडक्यात पाहू.

पेशवाई १८१८ साली बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचे वर्णन येते. मराठी मुलखात हे काम महाराकडे, खानदेशात जागल्याकडे, तर कानडी भागात तळवाराकडे असे. रात्री पहारा करणे, गावात कोण आले-गेले याची खबर पाटलाला देणे आणि चोरी झाली तर माग काढणे, ही त्याची कामे. पावलांचा माग दुसऱ्या गावात नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटवली, की याची जबाबदारी संपे आणि त्याची सुरू होई. माग जेथे थांबेल त्या गावावर भरपाई येई. ती आधी राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायची, उरलेली साऱ्या गावाने. ही भरपाई अन्यायाची आहे, आणि ती पुरती वसूल झाल्याची उदाहरणे थोडीच, हेही एल्फिन्स्टन नोंदवतो.

त्याचे एक निरीक्षण आम्हांला विशेष मोलाचे वाटते. राखणदाराला प्रत्येक घरातून धान्याचा थोडा वाटा मिळे. तो गोळा करण्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागे, आणि म्हणून कोणाच्या घरी काय आहे, कोण कसा आहे, हे त्याला ठाऊक असे. म्हणजे मोबदल्याची रीतच त्याला जागरूक ठेवीत होती. गावाला त्याच्याकडून दोन गोष्टी मिळत : ओळख आणि भरपाईची हमी.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. राखण करणाऱ्याला ती नाकारण्याची सोय नव्हती. जन्माने आलेले काम, तुटपुंजा वाटा आणि चोरी झाली की पहिला दंड त्यालाच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्धच. गावाची निर्धास्त झोप कोणाच्या जागरणावर उभी होती, हा प्रश्न त्यातून प्रथमच कायद्याच्या भाषेत विचारला गेला.

रामोश्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. उमाजी नाईकांना १८३२ साली फाशी झाली आणि १८३३ साली कॅप्टन मॅकिंटॉशचा रामोश्यांवरील ग्रंथ मुंबईत निघाला. पुढे १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने रामोश्यांना मुळात चोरी करणारी जात ठरवले. आणि पश्चिम हिंदुस्थानातील गोऱ्यांच्या घरी पगारी चौकीदार म्हणून अजूनही तेच असतात, असेही त्याच नोंदीत लिहिले. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का मारायचा, त्यांच्याच भरवशावर रात्री झोपायचे! येथे मालकाने विकत घेतली ती ओळख नव्हे, तर दरारा.

शहरी कारखानदारीत राखणदार आणि मालक यांच्यामध्ये तिसरा पक्ष आला, तो म्हणजे एजन्सी. आता मालक माणूस निवडत नाही, कंपनी निवडतो. मधल्या हातांत रक्षकाची पिळवणूक होते हे ओळखून महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला आणि त्यातून सुरक्षारक्षक मंडळे उभी राहिली. केंद्राच्या २००५ सालच्या कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला. २००६ सालच्या केंद्रीय नमुना नियमांनी रक्षकासाठी वर्गातील १०० आणि प्रत्यक्ष कामाचे ६० तास असे किमान प्रशिक्षण सांगितले. पूर्वी पिढ्यांच्या सहवासाने जे कळे, ते आता कागदाने सिद्ध करायचे. जातीच्या बेडीपेक्षा हा कागद शतपटीने बरा, यात आम्हांला शंका नाही.

तरीही एक गोष्ट भाषाच सांगून जाते. 'जागल्या' या शब्दात जागणारा माणूस आहे, 'राखणदार', 'पहारेकरी' यांतही काम करणारा कोणी आहे. आज आपण 'सिक्युरिटीला विचारा' म्हणतो. माणसाच्या जागी एक भाववाचक नाम उभे असते. करार करताना परवाना, पडताळणी, दर सारे तपासले जाते. पण बिलातील किती रक्कम त्या माणसाच्या हाती पडते, त्याची पाळी किती तासांची, रात्री टेकायला त्याला खुर्ची आहे का, हे विचारणारे ग्राहक विरळा. खरे तर हमीचा प्रश्न तेथेच सुटतो किंवा बिघडतो. ज्याच्या घरी काय आहे हे आपण कधी विचारले नाही, त्याने आपले घर राखावे, एवढीच आपली अपेक्षा आहे.