रजिस्टरातली नावं

पाच सप्टेंबरला गावातल्या एका सेवाभावी क्लबने आम्हा काही शिक्षकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. घरी आल्यावर अम्मीने शाल चाचपून पाहिली आणि विचारलं, "ये लोगां करते क्या?" मी म्हणाले, पोलिओचं काम करतात, रक्तदान शिबिरं घेतात, शाळांना बाक देतात. अम्मीचा दुसरा प्रश्न होता, "औरतां हैं क्या उनमें?" त्या दिवशी व्यासपीठावर दोघी-तिघी होत्या. त्या तिथे कशा आल्या हे शोधायला बसले आणि एक खटला हाती लागला. आज तो सांगते.

रोटरी २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत सुरू झाली. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवलं. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीचा हेतू अगदी साधा होता. मोठ्या शहरात दोस्ती व्हावी आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लागावा. एका व्यवसायातला एकच सदस्य घ्यायचा, असा नियम होता. समाजसेवा थोडी मागाहून आली. १९०७ मध्ये त्यांनी शिकागोत सार्वजनिक शौचालयासाठी खटपट सुरू केली, तेच त्यांचं पहिलं सार्वजनिक काम मानलं जातं. मला हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे संस्था निघाली की पहिलं काम कमानीचं असतं.

हिंदुस्थानात रोटरी आली १९२० च्या सुमारास, कलकत्त्यात. मुंबईचा क्लब १९२९ चा. सुरुवातीला त्यात साहेब लोकच जास्त. पुढे चित्र एवढं बदललं की १९६२ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहरी जागतिक रोटरीचे अध्यक्ष झाले. म्हणजे वर्ण, देश, धर्म यांची दारं एकेक करून किलकिली होत गेली. एक दार मात्र बंद राहिलं. घटनेतच लिहिलेलं होतं की सदस्य पुरुष असावा.

बायका नव्हत्या असं नाही. १९२४ मध्ये मँचेस्टरमध्ये रोटरी सदस्यांच्या पत्नींनी 'इनर व्हील' सुरू केलं. नवऱ्यांच्या कामाला मदत करता करता त्यांनी स्वतःची मोठी संघटना उभी केली, भारतातही तिचे पुष्कळ क्लब आहेत. त्यांचं काम लहान नाही. पण त्या काळी तिथे यायची वाट नवऱ्याच्या नावावरून जायची. शाळेची हेडबाई असो नाहीतर डॉक्टरीण, तिची स्वतःची ओळख त्या वाटेवर चालत नसे.

आता ज्या गोष्टीने मी खुर्चीत सरळ होऊन बसले, ती सांगते. घटनेतला 'पुरुष' हा शब्द काढून टाकावा, असा प्रस्ताव १९५० च्या अधिवेशनासाठी भारतातल्या एका क्लबने पाठवला होता. आपलं संविधान लागू झालं तेच वर्ष. पुढे १९६४ मध्ये सिलोनमधल्या क्लबनेही असाच प्रस्ताव दिला. आपल्याला शाळेत शिकवतात की स्त्रियांची बरोबरी पश्चिमेकडून आली. आली असेल. इथे मात्र मागणी आपल्याकडून गेली होती आणि नकार तिकडून आला होता.

नंतरची लढाई कॅलिफोर्नियात झाली. दुआर्ते नावाचं लहानसं गाव. तिथल्या क्लबची सदस्यसंख्या घटत चालली होती. १९७७ मध्ये त्यांनी तीन बायकांना सदस्य करून घेतलं. त्यामागे फार मोठं तत्त्वज्ञान होतं असं मला वाटत नाही. माणसं कमी पडत होती, आणि गावात काम करणाऱ्या लायक बायका होत्या. पुढच्या वर्षी मुख्यालयाने क्लबची सनदच काढून घेतली. दुआर्तेवाल्यांनी बायकांना काढलं नाही. स्वतःला 'माजी रोटरी क्लब' म्हणवून घेत ते बैठका भरवत राहिले आणि कोर्टात गेले.

खालच्या कोर्टात ते हरले. १९८६ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग रोटरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं होतं की आम्ही खाजगी मंडळी आहोत, कोणाबरोबर बसायचं ते आम्ही ठरवणार. वरवर पाहता यात चूक काय? माझ्या घरी चहाला कोणाला बोलवायचं ते मीच ठरवते. पण न्यायालयाने पाहिलं की हे घरातलं बसणं नव्हे. क्लबमध्ये कुठे वीस तर कुठे नऊशेच्या वर सदस्य, बैठकींना पाहुणे येतात, वर्तमानपत्रात बातम्या येतात, आणि सदस्यत्वामुळे धंद्याला फायदाही होतो. ४ मे १९८७ ला निकाल लागला. सातही न्यायमूर्ती एका बाजूला होते. बायकांना घेतल्याने क्लबच्या सेवाकार्यात अडथळा येत नाही, असंही त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी दुआर्ते क्लबच्या अध्यक्ष झाल्या सिल्व्हिया व्हिटलॉक. पेशाने शाळेच्या मुख्याध्यापिका. लायन्स क्लबनेही त्याच वर्षी बायकांसाठी दार उघडलं. १९८९ मध्ये रोटरीच्या घटनेतून 'पुरुष' शब्द गेला. भारतातून प्रस्ताव गेला त्याला तोवर एकोणचाळीस वर्षं झाली होती. संपूर्ण रोटरीची अध्यक्ष बाई व्हायला २०२२ उजाडलं.

पोलिओचं काम रोटरीने १९८५ मध्ये जगभर हाती घेतलं. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, तीन वर्षांत २४ कोटी ७० लाख जमले. हे पैसे नसते तर खूप काही अडलं असतं, हे मान्य. पण डोस काही पैशाने मुलाच्या तोंडात जात नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझी ड्युटी आमच्याच मोहल्ल्यात लागली होती. या थेंबांनी मुलं पुढे निपुत्रिक होतात, अशी अफवा तेव्हा घरोघर होती. आरोग्यखात्याचा कर्मचारी दारात उभा राहिला की आतून आवाज यायचा, "घर में मर्द नहीं हैं." मी आणि अंगणवाडीताई पुढे झालो की पडदा बाजूला व्हायचा. अम्मीचं नाव सांगितलं की बाळ थेट मांडीवर. उत्तर प्रदेशात हा विरोध फार तिखट होता. तिथे रोटरीने उलेमांची समिती केली, मौलाना स्वतः बोलू लागले, तेव्हा दारं उघडली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातला. २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. कोणती दारं कोणाच्या हाकेला उघडतात, हे क्लबने काम करता करता शिकलं.

आता घरचं. आमच्या मोहल्ल्यातही एक खिदमत कमिटी आहे. तिची अॅम्ब्युलन्स आहे, ती रक्तदान शिबिरं घेते, लॉकडाऊनमध्ये घरोघर रेशन पोचवलं ते तिनेच. मला तिचा अभिमान आहे. रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या भरायला आम्ही वीस-पंचवीस बायका बसतो. कोणत्या घरी विधवा आहे, कोणत्या घरी मागायला लाज वाटते, ही यादी आमच्याकडूनच जाते. सदस्यांच्या रजिस्टरात मात्र आमच्यापैकी एकीचंही नाव नाही. गेल्या वर्षी विचारलं, तर एक भाई अगदी अदबीने म्हणाले, "आपा, तुमचं काम तर होतंच आहे ना? पाहिजे तर लेडीज विंग काढू." वाईट हेतूने बोलले नाहीत. मँचेस्टरमध्येही कोणाचा हेतू वाईट नसावा.

कमिटीच्या नियमांचा कागद मी मागून घेतला आणि दोनदा वाचला. त्यात 'पुरुष' हा शब्द नाही. 'मोहल्ल्यात राहणारा, अठरा वर्षांवरील, वर्गणी भरणारा' एवढंच आहे. काढायला शब्दच नाही, म्हणजे प्रस्तावही नको, कोर्टही नको.

परवा तीन अर्ज लिहिले, माझा आणि दोन शेजारणींचा. उर्दूत मूळ, मराठीत प्रत, सोबत वर्षाची वर्गणी. सदरसाहेबांनी वाचले, पैसे मोजले आणि पावती देऊ की नको अशा विचारात थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवतो." मीटिंग गुरुवारी आहे, इशाच्या नमाजेनंतर. पावती अजून मिळालेली नाही.