डोलकाठी, पूल आणि भीमा

पूल झाला की नाव निकामी होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पुलाचे रूप पुष्कळदा नावेनेच ठरविले आहे, असे इतिहास पाहता आम्हांस दिसते. लंडनचा १८९४ चा टॉवर पूल आपले दोन पाखे उचलून जहाजास वाट देतो. कलकत्त्यास हुगळीवर १८७४ साली बांधलेला तरंगता पूलही जहाजांसाठी मधून उघडावा लागे. उंच डोलकाठीपुढे पुलास एक तर उंच व्हावे लागते, नाही तर दुभंगावे लागते.

आमच्या नीरा-भीमेच्या मुलखात हा प्रश्न उद्भवला नाही. पावसाळ्यात दुथडी पूर, उन्हाळ्यात उघडा खडक. तेथे गलबतास वाव कोठला? पैलतीरी नेणारी उथळ नाव एवढीच येथील नौकाविद्या. बारामतीनजीकच्या पिंपळीच्या परिसरातील नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तोही शेतीसाठी. त्यावरील पुलांस काळजी गाडीच्या भाराची. आगगाडी १८५८ साली इंदापूर तालुक्यातील डिकसळास आली. पुढे भीमा ओलांडताना पुराचा विचार अटळ होता. शिडाच्या उंचीचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि हे गणित पालटले. नदीचे विस्तीर्ण जलाशयात रूपांतर झाले. इंदापूर व करमाळा येथील समोरासमोरची गावे एकमेकांपासून दुरावली. रस्त्याचा मोठा वळसा टाळण्यासाठी लोक होडीत बसू लागले. परंतु मोकळ्या पाण्यावर वाऱ्यास लांबवर धाव मिळते, लाटा चढतात. कमी काठाच्या होडीत पाणी शिरले की ते एका अंगास धावते आणि तिचा तोल जातो. दिनांक २१ मे २०२४ रोजी कुगाव व कळाशी यांच्या दरम्यान वादळात होडी उलटून सहा जीव गेले.

अशा ठिकाणी पूल हवा, यात संशय नाही. पण पूल होईपर्यंत नाव हाच तेथील राजमार्ग होय, आणि राजमार्गास नियम असतात. ब्रिटनने १८७६ सालीच व्यापारी जहाजांच्या अंगावर भाररेषा आखणे सक्तीचे केले. जलाशयातील होडीस काठाची पुरेशी उंची, उतारूंची मर्यादा, तरंगती जाकिटे आणि वारा सुटताच फेरी बंद ठेवण्याची शिस्त मिळणे अवघड का असावे? नदीचा सागर आपणच केला. तेव्हा त्यास शोभेल अशी नाव देण्याचे दायित्वही आपलेच आहे.