‘हलणे’ : एका क्रियापदाचा अर्थेतिहास

इंग्रजीतील ‘मूव्ह’ या क्रियापदात जागेवरून सरणे, घर बदलणे, मन द्रवणे, सभेत ठराव मांडणे असे भिन्न अर्थ एकत्र नांदतात. मराठीने ही कामे निरनिराळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. तरीही ‘हलणे’ या साध्या क्रियापदावर अर्थाचा केवढा भार पडू शकतो, याचा प्रत्यय किल्लारीच्या इतिहासात येतो.

अमरकोशात पृथ्वीच्या नामावळीत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ ही नावे आहेत. भूशास्त्रही दख्खनच्या पठाराला दीर्घकाळ स्थिर मानत आले. १९६७ च्या कोयना भूकंपाने या समजाला तडा गेला. पण त्याचे कारण प्रामुख्याने धरणाच्या जलाशयात शोधले गेले. १९९२ पासून किल्लारी परिसरात धक्के जाणवू लागले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, जमीन हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. स्थैर्याची खूण असलेले घरच मृत्यूचे कारण ठरले.

त्यानंतर ‘गाव हलले’ या वाक्याला दुसरा अर्थ आला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. मराठी ग्रामव्यवस्थेत वस्तीची जमीन ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ‘काळी’. पांढरी हलवता आली, काळी जागच्या जागी राहिली. मात्र नव्या घराचा आकार काळीनेच ठरवला : जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. गल्ल्या सरळ झाल्या. जुनी विषमता मात्र नव्या आराखड्यातही मोजून मांडली गेली.

येथे व्याकरणाचा प्रश्न इतिहासाचा प्रश्न होतो. ‘जमीन हलली’ हा अकर्मक प्रयोग आहे. ‘गाव हलवले’ हा प्रयोजक. पहिल्या वाक्यात माणूस नाही. दुसऱ्यात हलवणारा अध्याहृत आहे आणि गाव केवळ कर्म. ‘वसणे’ ही माणसांनी स्वतः करायची क्रिया. ‘पुनर्वसन’ या शासकीय संज्ञेत ती त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी करायची गोष्ट होते. म्हणून भूकंपविषयक लेखन वाचताना समीक्षेने किती करुणा जागवली एवढेच पाहू नये. त्या लेखनात क्रियापदाचा कर्ता कोण आहे, हेही विचारले पाहिजे. दोन्ही वेळा हलले ते गावच. परंतु दुसऱ्या वेळी कर्ता होण्याची शक्यता माणसांना होती.